यादी सूडोची, सत्ता प्लेबुकची

दोनशे सर्व्हरवर रातोरात सुरक्षेचे पॅच चढवायचे, तर आता कोणी एकेका मशिनवर लॉगिन करत बसत नाही. अ‍ॅन्सिबलसारखं साधन ते काम एका प्लेबुकवर उरकतं. २०१२ साली आलेलं आणि २०१५ मध्ये रेड हॅटने विकत घेतलेलं हे साधन एसएसएचवरून साध्या खात्याने आत शिरतं. पण पॅकेज बसवायला किंवा सर्व्हिस रीस्टार्ट करायला रूटचे अधिकार लागतात. त्यासाठी प्लेबुकात ‘बिकम’ची एक ओळ लिहिली की झालं. पडद्याआड बहुधा सूडोच राबत असतो.

सूडो १९८० च्या सुमारास अमेरिकेत, बफेलोच्या विद्यापीठात तयार झाला. कोणी नेमकी कुठली कमांड रूट म्हणून चालवायची, हे त्याच्या सूडोअर्स फाइलीत ठरवून देता येतं. बॅकअपवाल्याला बॅकअपची, वेबवाल्याला वेबसर्व्हर रीस्टार्ट करण्याची. मग ऑडिटर म्हणतात, अ‍ॅन्सिबलच्या खात्यालाही अशीच यादी लावा की!

गोम इथेच आहे. अ‍ॅन्सिबल सहसा पायथनची एक फाइल सर्व्हरवरच्या तात्पुरत्या फोल्डरात टाकतं, शेलमार्फत ती चालवतं आणि पुसून टाकतं. फोल्डरचं नाव दर खेपेला वेगळं. सूडोला दिसतं ते फक्त शेल, आणि रूट म्हणून शेल चालवू दिलं की राखून ठेवण्यासारखं काहीच उरत नाही. अ‍ॅन्सिबलच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही ही मर्यादा स्पष्ट लिहिली आहे: अधिकार द्यायचे तर सरसकटच द्यावे लागतात.

म्हणजे लगाम सर्व्हरच्या अलीकडेच घालायला हवा. प्लेबुकं ज्या गिट रेपॉझिटरीत आहेत, तिथे ज्याला बदल मर्ज करता येतो तोच खरा रूट. सूडोला पासवर्ड विचारायचा नाही असं सांगून ठेवलं असेल, तर त्या खात्याची एसएसएच किल्लीही रूटइतकीच मोलाची.

राहिला प्रश्न ‘बिकम’ प्लेबुकाच्या माथ्यावर लिहिण्याचा. हा निव्वळ आळस. अ‍ॅपची एक साधी लॉग फाइलसुद्धा मग रूटच्या मालकीची होते, अ‍ॅपला तीत लिहिता येत नाही आणि सकाळी सगळे नेटवर्कवाल्याला धरतात. ज्या टास्कला गरज, तिथेच ती ओळ हवी. डेटाबेसच्या कामाला तर रूट कशाला? ‘बिकम’च्या जोडीला ‘बिकम यूजर’मध्ये पोस्टग्रेस लिहिलं तरी पुरतं.

तुमच्या रेपॉझिटरीत मुख्य ब्रँचवर थेट पुश कोणाला करता येतं, ती यादी उद्याच काढून पाहा. नोकरी सोडून गेलेली मंडळी तीत असतील, तर आधी ती नावं उडवा.