राउटर ‘सपोर्ट करत नाही’ असं ठरवण्याआधी

नवा राउटर बसवला जातो, देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा आयपी पत्ता भरला जातो आणि पडद्यावर ‘टाइमआउट’ झळकतं. झॅबिक्स असो, लिब्रेएनएमएस असो की पीआरटीजी, पुढचा निष्कर्ष ठरलेला असतो: ‘हा राउटर आपल्या सॉफ्टवेअरला चालत नाही.’ मग दुसऱ्या राउटरची कोटेशनं मागवली जातात. ही घाई मला फार खटकते. छोट्या संस्थांचा पैसा त्यात नाहक जातो आणि दोष बहुतेक वेळा सेटिंगमध्येच असतो.

सगळ्यात पसरलेला गैरसमज पिंगचा. पिंगला उत्तर येतंय, म्हणजे राउटरशी संपर्क आहे. तरी सॉफ्टवेअरला माहिती मिळत नाही, म्हणजे दोघांचं जुळत नाही, असं मानलं जातं. पण पिंग आयसीएमपीवर चालतं, तर देखरेखीचे प्रश्न एसएनएमपीने, यूडीपीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर जातात. पहिला रस्ता मोकळा आहे म्हणून दुसराही मोकळा असेल असं नाही. शिवाय सिस्को किंवा मिक्रोटिकच्या राउटरवर ही सेवा मुद्दाम सुरू करावी लागते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत आणि व्ही२सीमध्ये कम्युनिटी स्ट्रिंग चुकली तर राउटर ‘पासवर्ड चुकला’ असं सांगत नाही. तो गप्प बसतो. सेवा बंद असली, फायरवॉलने अडवलं, राउटरच्या परवानगीच्या यादीत सर्व्हरचा पत्ता नसला, किंवा स्ट्रिंगमधलं एक कॅपिटल अक्षर स्मॉल पडलं, तरी पडद्यावर तोच टाइमआउट दिसतो. म्हणून त्या एका शब्दावरून राउटरबद्दल काहीच ठरवता येत नाही.

ठरवायचं असेल तर एसएनएमपीवॉक ही आज्ञा चालवा, आणि तीही आपल्या लॅपटॉपवरून नव्हे, तर सॉफ्टवेअर ज्या सर्व्हरवर आहे तिथूनच. १.३.६.१.२.१.१.१ हा क्रमांक विचारला की राउटर स्वतःची ओळख सांगतो. उत्तर आलं तर राउटर निर्दोष. चूक सॉफ्टवेअरमध्ये भरलेल्या माहितीत शोधा. नाही आलं तर टीसीपीडंप लावून पॅकेट बघा. कधी कधी उत्तर निघालेलं असतं, पण अनेक इंटरफेस असलेला राउटर ते भलत्याच पत्त्यावरून पाठवतो आणि वाटेतली फायरवॉल ते टाकून देते. अशा वेळी राउटरवर उत्तराचा पत्ता पक्का करून द्यावा लागतो.

‘एमआयबी फाइल टाकली की सगळं दिसेल’ ही समजूतही तितकीच चुकीची. एमआयबी फाइल राउटरच्या क्षमतेत काहीही भर घालत नाही. क्रमांकांना नावं कोणती, मूल्य कोणत्या प्रकारचं, एवढंच ती सॉफ्टवेअरला सांगते. फर्मवेअरमध्ये तापमानाची नोंदच नसेल तर कितीही फाइली टाका, तापमान दिसणार नाही. उलट, मॉडेल सॉफ्टवेअरच्या यादीत नसलं तरी इंटरफेसवरची वाहतूक दिसू शकते, कारण ते क्रमांक सर्व कंपन्यांना समान आहेत.

आता आलेखाकडे येऊ. गिगाबिटची लाइन घेतली, वापर भरपूर आहे, तरी आलेख ११४ एमबीपीएसच्या वर जातच नाही. राउटर आकडे चुकीचे देतो, अशी तक्रार होते. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर ३२ बिटांचा जुना काउंटर वाचत असतं. तो ४,२९,४९,६७,२९५ बाइटपर्यंत मोजतो आणि गाडीच्या मीटरसारखा पुन्हा शून्यावर येतो. पूर्ण भरलेल्या १०० एमबीपीएसच्या लाइनवर त्याला ३४३ सेकंद लागतात, गिगाबिटवर जेमतेम ३४. वाचन दर ५ मिनिटांनी होत असेल, तर मधल्या काळात तो आठ वेळा शून्यावर येऊन गेलेला असतो आणि सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताही नसतो. जुन्या लाइनवर बरोबर येणारा आलेख नव्या लाइनवर बिघडतो तो यामुळे. उपाय आहे ६४ बिटांचा काउंटर, आयएफएचसीइनऑक्टेट्स आणि त्याचा आउटवाला जोडीदार. मात्र एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीतून हे आकडे येत नाहीत. व्ही२सी किंवा व्ही३ निवडावंच लागतं.

व्ही३ला ‘किचकट’ म्हणून टाळू नका. व्ही२सीमध्ये कम्युनिटी स्ट्रिंग नेटवर्कवरून उघडी जाते. व्ही३ डिसेंबर २००२ पासून प्रमाणित आहे. पासवर्ड अचूक असूनही जोडणी होत नसेल तर एन्क्रिप्शन तपासा. २००४ च्या मानकात एईएसची १२८ बिटांचीच किल्ली आहे. २५६ बिटांची किल्ली तयार करण्याच्या दोन वेगळ्या पद्धती पडल्या आणि त्या एकमेकींना समजत नाहीत. दोन्हीकडे एईएस-१२८ ठेवून बघा.

खरी विसंगती नसतेच असं नाही. घरगुती वापराच्या अनेक राउटरांत एसएनएमपी मुळातच नसतं, आणि इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर ती बऱ्याचदा टीआर-०६९ या दूरस्थ नियंत्रणाच्या प्रोटोकॉलने स्वतःच्या ताब्यात ठेवते. तिथे सेटिंग शोधत बसण्यात अर्थ नाही, वेगळा राउटर घ्यावाच लागेल. पण त्या खरेदीवर सही करण्याआधी सर्व्हरवर चालवलेल्या एसएनएमपीवॉकचा निकाल मागून घ्या, आणि तो प्रस्तावाला जोडलेला नसेल तर प्रस्ताव परत पाठवा.