चालविण्याची परवानगी : भाषासामग्रीतील एका चुकीच्या खुणेची शुद्धी

उरणजवळील करंजा येथील कोळी बोलीच्या शब्दयाद्या, लिप्यंतरे आणि शब्द वर्णानुक्रमे लावणाऱ्या काही लहान आज्ञावल्या आम्ही गिटच्या भांडारात ठेविल्या आहेत. ही सामग्री एकदा पेन ड्राइव्हवरून लिनक्स संगणकावर उतरविली असता, एकही अक्षर बदललेले नसताना सर्व फाइली बदलल्याचे गिटने दर्शविले. हे कसे घडले?

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत आरंभ झालेल्या युनिक्सच्या परंपरेत प्रत्येक फाइलीस वाचणे, लिहिणे व चालविणे अशा तीन परवानग्या असतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये रचलेले गिट फाइलींच्या बाबतीत यांतील एकच भेद नोंदविते : साधी फाइल ६४४, चालविण्याजोगी ७५५. पेन ड्राइव्हवरील फॅट पद्धतीत हा भेद साठविण्याची सोयच नाही. त्यामुळे लिनक्स तेथील सर्व फाइलींना सरसकट एकच परवानगी देते, आणि तीत बहुधा ‘चालविणे’ही असते.

कोशात नामापुढे ‘क्रियापद’ असा निर्देश पडावा, तशीच ही चूक होय. ‘म्हावरा’ या शब्दाची नोंद असलेली यादी अनवधानाने चालविली गेली, तर तिच्या ओळी आज्ञा म्हणून वाचल्या जातात. शिवाय शब्दरूपाची खरी दुरुस्ती या निरर्थक बदलांच्या गर्दीत दिसेनाशी होते.

तथापि, सर्वच फाइलींवरील खूण पुसणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास आज्ञावल्या थेट चालेनाशा होतात. डेबियनचे लिंटियन हे तपासणी-साधन दोन्ही दोष दाखविते, हे येथे ध्यानात घ्यावे. पहिल्या ओळीच्या आरंभी ‘#!’ ही चिन्हे असतील तर ती फाइल आज्ञावली असण्याचा संभव मोठा; पण ती थेट चालवावयाची आहे काय, हे पाहूनच निर्णय करावा.

गिटची ‘फाइलमोड’ ही मांडणी बंद केल्यास नवे खोटे बदल दिसत नाहीत. परंतु पूर्वी नोंदली गेलेली चूक तशीच राहते. ती ‘अपडेट-इंडेक्स’ या आज्ञेने नोंदीतच सुधारावी लागते. ही शुद्धी स्वतंत्र कमिटमध्ये, कारण नमूद करून करावी. तिच्यात एकाही शब्दाची दुरुस्ती मिसळू नये. म्हणजे करंज्याच्या बोलीतील एखादे रूप कोणी व केव्हा बदलले, हे पुढील अभ्यासकास निःसंदिग्धपणे पाहता येईल.