गाडीखालचा डाग काय सांगतो?

मे महिना आला की रायपूरमधल्या मराठी घरांत नागपूरला जाण्याची लगबग सुरू होते. कुणाचे माहेर तिकडे, कुणाची सासुरवाडी, कुणाकडे लग्न. अंतर सुमारे २९० किलोमीटर. टाटीबंध ओलांडले की दुर्ग, राजनांदगाव, मग बाघनदीची सीमा, देवरी, साकोली, भंडारा. गाडी नवी असेल तर प्रश्नच नाही. पण अनेक घरांत अजूनही जुनी गाडी प्रेमाने सांभाळलेली असते. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरीही ती कुठे ना कुठे दिसतेच. अशा गाडीखाली निघण्याच्या दोन दिवस आधी फरशीवर हाताएवढा काळा डाग दिसला की घरात वाद सुरू होतो. जायचे की नाही? आणि मिस्त्री म्हणतो तेवढा खर्च खरोखरच करायचा का?

हा वाद डाग पाहून मिटत नाही, कारण डाग जिथे पडतो तिथे गळती बहुधा नसतेच. तेल इंजिनच्या वरच्या भागातून निघते, कडेकडेने ओघळते, गाडी धावत असताना वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि सर्वांत खालच्या बोल्टवरून टपकते. पाहणाऱ्याला वाटते, चेंबर गळतो आहे. मिस्त्री घाईत असेल तर त्यालाही तसेच वाटते.

याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून टपकणारे तेल. तिथे क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील असते. ते बदलायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरी हजारांत जाते आणि गाडी एक-दोन दिवस गॅरेजमध्ये राहते. पण इंजिनच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरचे रबरी पॅकिंग कडक होऊन मागच्या कोपऱ्यातून झिरपू लागले, तर तेही तेल ओघळत नेमके त्याच सांध्यावर येते. हे पॅकिंग बदलणे तासाभराचे काम आहे. दोन्ही डाग हुबेहूब सारखे दिसतात. फरक कळतो तो फक्त वर पाहिल्यावर.

रंग, वास आणि स्पर्श

सर्वप्रथम काय गळते आहे ते ठरवावे. रात्री गाडी उभी करताना तिच्याखाली जुन्या पुठ्ठ्याच्या पेटीचा सपाट तुकडा किंवा पांढरा कागद पसरावा आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर पेनने खुणावून ठेवावी. सकाळी डाग कुठे पडला, किती मोठा, कोणत्या रंगाचा, हे सारे कागदावर मिळते. तोच कागद मिस्त्रीला दाखवता येतो.

तपकिरी किंवा काळा, बोटांना निसरडा लागणारा डाग इंजिन ऑइलचा. त्याहून दाट आणि गंधकासारखा उग्र वास येणारा असेल तर तो गिअर ऑइलचा. हिरवा, निळा, लाल किंवा नारिंगी, किंचित चिकट आणि गोडसर वासाचा द्रव म्हणजे कूलंट. ज्या गाडीत वर्षानुवर्षे नुसते पाणीच भरले गेले, तिचा डाग गंजामुळे तांबूस असतो. एसी चालवल्यावर डाव्या बाजूला, पुढे बसणाऱ्याच्या पायांखाली स्वच्छ पाणी पडते. ते पडायलाच हवे. त्याची काळजी करू नये. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळा, पातळ, तेलकट ओघळ दिसला तर तो ब्रेक ऑइलचा असू शकतो. तशा गाडीला किल्ली लावू नये, मिस्त्रीलाच घरी बोलवावे. पेट्रोलचा वास आला तरी तेच.

कूलंटची चव कधीही घेऊन पाहू नये. जुनी मंडळी तसे सांगतात, पण कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल विषारी असते. त्याची चव गोड असल्यामुळे कुत्री-मांजरे आणि लहान मुले फसतात, आणि त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. सांडलेले कूलंट लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाकावे.

आधी स्वच्छता, मग निदान

रायपूरमध्ये एक वेगळीच अडचण आहे. उरला आणि सिलतरा भागातील स्पंज आयर्नच्या कारखान्यांच्या या शहरात काळी धूळ काही नवी नाही. तेलाने ओले झालेले इंजिन ही धूळ धरून ठेवते आणि काही महिन्यांत त्यावर डांबरासारखा थर चढतो. (ज्या शहरात एका चौकाचे नावच तेलघानी नाका आहे, तिथे इंजिनांनी तरी कोरडे का राहावे, असे एखादा गमतीने म्हणेल.) या थराखाली गळती शोधणे म्हणजे अंधारात सुई शोधणे.

म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर आणि बॅटरीच्या तारा प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाकाव्यात आणि बाजारात मिळणाऱ्या डिग्रीझरने, ब्रश घेऊन इंजिन साफ करावे. पाण्याचा जोरदार फवारा मारू नये. नीट वाळल्यावर संशयित जागांवर अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर भुरभुरावी. पिशव्या काढून गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणावी, इंजिन बंद करून थोडे निवू द्यावे आणि टॉर्च घेऊन वरून खाली पाहावे. पांढऱ्या पावडरीवर तेलाचा ओघळ स्पष्ट उमटतो, आणि त्याचे वरचे टोक म्हणजेच गळतीची जागा. आरसा असलेला जुना पावडरचा डबा घरात असेल तर तोही घ्यावा. इंजिनच्या मागची बाजू पाहायला तो फार उपयोगी पडतो.

बहुतेक वेळा दोष टॅपेट कव्हरचे पॅकिंग, नीट न आवळलेला ऑइल फिल्टर, चेंबरच्या ड्रेन बोल्टचा वॉशर, ऑइल प्रेशरचा स्विच किंवा कार्ब्युरेटरच्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी असलेली रिंग यांपैकी एकात सापडतो. ही सगळी किरकोळ कामे आहेत. तेल पट्ट्यांच्या बाजूला, पुढच्या पुलीमागून येत असेल तर मात्र लवकर लक्ष द्यावे, कारण तेलाने भिजलेला टायमिंग बेल्ट फार दिवस टिकत नाही.

एक गोष्ट पुष्कळ मिस्त्रीही विसरतात. टॅपेट कव्हरपासून एअर फिल्टरकडे जाणारी रबरी नळी आणि इंजिनमधली वाफ बाहेर काढणारा झडपेचा मार्ग काजळीने बुजला, तर आत दाब साठतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलले जाते. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणांहून तेल येऊ लागले असेल तर आधी ही नळी साफ करून पाहावी. नाही तर नवे सीलही पुन्हा गळेल.

गाडीखाली वाकून पाहताना नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक सरकायला क्षणही लागत नाही.

पाण्याची गळती अधिक घातक

तेल थेंबथेंब गळत असेल आणि दर आठवड्याला पट्टी पाहून भर घातली जात असेल, तर गाडी बरेच दिवस चालते. कूलंटचे तसे नाही. ४४-४५ अंशांच्या उन्हात ते संपले की काही किलोमीटरांतच अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते आणि मग काही शे रुपयांच्या होज पाइपऐवजी संपूर्ण इंजिन उघडावे लागते.

तापमानाच्या काट्यावर विसंबणारेही फसतात. त्याचा सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असला तरच खरे सांगतो. सगळे पाणी वाहून गेले की तो कधीकधी कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येतो. बोनेटमधून वाफ आणि काटा मात्र थंड, असे दिसले तर त्याच क्षणी गाडी कडेला घ्यावी.

कूलंटची गळती वाळल्यावर पांढरी किंवा रंगीत खपली सोडते. ती होज पाइपच्या क्लिपांजवळ, रेडिएटरच्या सांध्यांवर आणि वॉटर पंपाखाली शोधावी. या पंपाला मिस्त्री ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. त्याला खाली एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. तिथून ओघळ आला की आतले सील गेले असे समजावे आणि ते छिद्र एमसीलने बुजवू नये. रेडिएटरचे झाकणही तपासावे. झाकणाने धरलेल्या दाबामुळेच पाणी १०० अंशांना उकळत नाही. झाकणाचे रबर चिरले असेल तर कुठेही छिद्र नसताना पाणी उतू जाते. जुन्या गाडीत सर्वांत आधी झाकण बदलून पाहणे मला तरी शहाणपणाचे वाटते. तो सर्वांत स्वस्त प्रयोग आहे.

कधीकधी डाग कुठेच पडत नाही आणि बाटलीतली पातळी मात्र रोज उतरते. अशा वेळी पायांखालचा गालिचा चाचपावा. हीटर असलेल्या गाडीत तो चिकट ओला असला तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतो आहे. गालिचा कोरडा असेल तर संशय हेड पॅकिंगवर. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या पट्टीवर दुधाळ कॉफीसारखा फेस, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, यांपैकी काहीही दिसले तर नागपूरचे तिकीट रेल्वेचे काढावे. निळसर धूर असेल तर तो जळणाऱ्या ऑइलचा. तेवढ्यावरून प्रवास रद्द करण्याचे कारण नाही, फक्त ऑइलचा डबा बरोबर असावा.

वाटेत गाडी तापलीच तर एसी बंद करावा, हीटर असेल तर पूर्ण सुरू करावा (मुले कुरकुरतील, पण इंजिनची उष्णता त्यातून बाहेर पडते) आणि सावलीत थांबावे. झाकणाला निदान अर्धा-पाऊण तास हात लावू नये. वाफेने चेहरा आणि हात भाजतात ते याच घाईत. तापलेल्या इंजिनवर थंड पाणीही ओतू नये.

कूलंट भरताना बोअरिंगचे पाणी टाळावे; त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे घ्यावे, किंवा तयार मिश्रणाचा डबा घ्यावा. निघण्याच्या सकाळी, इंजिन थंड असताना आणि गाडी सपाट जागी उभी असताना, ऑइलची पट्टी आणि कूलंटची बाटली पाहून दोन्ही पातळ्या कागदावर लिहून ठेवाव्यात. देवरीला चहासाठी थांबाल तेव्हा चहा झाल्यावर, इंजिन थोडे निवल्यानंतर, रेडिएटरचे झाकण न उघडता, पुन्हा बोनेट उघडून कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहावे.