म फुटला की भ होतो

"अरे, हे भल्हार काय आहे?" मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरत ताईंनी विचारलं.

चार दिवस खपून काढलेलं अक्षर होतं ते. ताईंच्या मियां मल्हारची एलपी निघणार होती. पाकिटावर एकच शब्द हवा होता, 'मल्हार', आणि तो तयार फॉन्टमधला नको होता. सरी कोसळताना दिसाव्यात म्हणून मी शिरोरेषा ठिकठिकाणी तोडली आणि पहिली फट नेमकी म च्या डोक्यावर पडली. देवनागरीत म आणि भ, घ आणि ध या जोड्या बऱ्याच अंशी शिरोरेषेच्या फटीवरच वेगळ्या ओळखू येतात. हे शाळेत शिकलो होतो, तरी विसरलो.

पुन्हा बोरू काढला. कॉम्प्युटरवर थेट रेखाटणारे बरेच आहेत. मला आधी कागदावर शंभरेक वेळा तोच शब्द लिहिल्याशिवाय त्याची चाल कळत नाही. 'मल्हार'मध्ये पूर्ण दंड दोनच, म चा आणि कान्याचा. वर मात्रा-वेलांटी नाही, खाली उकार नाही. म्हणजे वरची-खालची जागा मोकळी, आणि सगळी गर्दी मध्यावरच्या 'ल्हा'त. ह ला खाली लांब शेपूट दिलं, ते र च्या तिरक्या पायाखालून पुढे नेलं. कोमल गंधाराचं आंदोलन ऐकून ते वळण सुचलं असं सांगायला छान वाटेल. खरं कारण इतकंच की खालचा उजवा कोपरा ओकाबोका दिसत होता.

अल्बमच्या पाकिटावर चित्र असावं हा विचारही तसा जुना नाही. कोलंबिया रेकॉर्ड्सच्या ॲलेक्स स्टाइनवाइसनं तो 1940 मध्ये अमलात आणला. त्याआधी रेकॉर्ड बहुधा साध्या करड्या-तपकिरी पुठ्ठ्यात विकल्या जात. त्याचं पहिलं कव्हर मुळात अक्षरांचंच होतं. न्यूयॉर्कच्या इम्पीरियल थिएटरच्या दर्शनी पाटीवरची अक्षरं त्यानं थोड्या वेळासाठी बदलून घेतली, तिथं अल्बमचं नाव लावलं आणि फोटो काढला. आपल्याकडे नावालाच चेहरा देण्याचं हे काम कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत केलं. ती शीर्षकं बघत मोठी झालेली माझी पिढी आज अल्बमवर पहिला हाताला लागेल तो फॉन्ट चिकटवते, याचं मला वाईट वाटतं.

एलपीचं पाकीट बारा इंचांहून जरासं मोठं, सीडीची पुस्तिका बारा सेंटिमीटरची, आणि मोबाइलवर तेच कव्हर नखाएवढं. एकच अक्षर तिन्हीकडे वाचता यायला हवं. मी प्रत्येक कच्चं चित्र नखाएवढं करून भिंतीवर लावतो आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघतो. पाकिटाचा कणा मात्र जेमतेम तीन मिलिमीटरचा. तिथं 'मल्हार' आरामात बसलं, पण ताईंच्या नावातल्या वेलांट्यांना जागा देताना अक्षरं मुंगीएवढी झाली.

मागच्या बाजूला 'विलंबित एकताल' टाइप केलं, तर दोन्ही ल दंडयुक्त, हिंदी वळणाचे आले. युनिकोडमध्ये दोन्ही ल चा सांकेतांक एकच; कोणतं रूप दिसेल ते फॉन्ट आणि निवडलेली भाषा ठरवते. मराठीसाठी पाकळीयुक्त ल वापरावा असं राज्य सरकारच्या 2009 च्या शासन निर्णयातही आहे. प्रोग्रामात भाषा मराठी केली, तेव्हा पाकळ्या उमलल्या. समोरच्या अर्ध्या ल चं काय? पाकळीवाल्या ल ला उजवीकडे उभा दंडच नसतो, मग गाळायचं काय? शेवटी डावी पाकळी ठेवली आणि उजवी ह च्या खांद्यात मुरवली.

हीच जागा पुढे नडली. शीर्षक चंदेरी फॉइलमध्ये दाबायचं होतं. ठसा तयार झाला, पहिला ताव निघाला. मशीनवरच्या दादांनी तो उजेडात तिरका धरला आणि काही न बोलता माझ्याकडे सरकवला. ल आणि ह मधली अर्ध्या मिलिमीटरची फट फॉइलनं बुजली होती आणि दोघांचा मिळून एक गोळा झाला होता. स्क्रीनवर आठपट मोठं करून बघताना ती फट मला खिडकीएवढी वाटत होती. चूक माझीच होती आणि नव्या ठशाचे पैसेही मीच भरले.

"आता मल्हार आहे," दुसरा ताव बघून ताई म्हणाल्या आणि त्यांनी शेपटावरून बोट फिरवलं.

फॉइलचं काम असलं की जोडाक्षरातली फट मी आता पहिल्यापासून पाऊण मिलिमीटर ठेवतो.