ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचं कण्हेरखेड

सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात कण्हेरखेड नावाचं गाव आहे. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचं मूळ गाव. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरही एक कण्हेरखेड आहे, आणि ते आहे सिंधिया स्कूलमधल्या लहान मुलांचं वसतिगृह. दुसऱ्या एका वसतिगृहाला दत्ताजी शिंद्यांचं नाव आहे. जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर लढाईत पडलेले तेच दत्ताजी. मोठ्या मुलांची वसतिगृहं राणोजी, जयाप्पा, महादजी, दौलत, जयाजी वगैरे. घराण्याची वंशावळ एवढी सहज मुलांच्या तोंडी बसवणारी दुसरी शाळा माझ्या तरी माहितीत नाही.

माधवराव शिंद्यांनी १८९७ मध्ये ही शाळा काढली, तेव्हा नाव होतं सरदार स्कूल. संस्थानातल्या मराठा सरदारांच्या मुलांनी नुसत्या जहागिरीवर न राहता शिकावं, हा हेतू. १९३३ मध्ये ती सिंधिया स्कूल झाली आणि सरदारांपुरती राहिली नाही.

शाळेसाठी म्हणून हा परिसर कुणी आखलेला नाही. १८५८ च्या जूनमध्ये किल्ला इंग्रजांनी घेतला आणि १८८६ पर्यंत तिथे त्यांची फौज राहिली. झाशीच्या बदल्यात तो शिंद्यांना परत मिळाला तेव्हा माथ्यावर गोऱ्या पलटणीच्या बराकी तशाच उभ्या होत्या. रांगेत पलंग मांडून माणसं झोपवायची, समोर मोकळं मैदान ठेवायचं, ही बराकीची रचना. निवासी शाळेला आणखी काय लागतं? शाळा त्यातच बसली.

पर्यटकांची गर्दी असते मानमंदिर महालाकडे. शाळा आहे तेली मंदिर आणि सूरजकुंडाच्या बाजूला. सूरजकुंडाच्या पाण्यानं राजा सूरजसेनाचा कुष्ठरोग ग्वालिपा साधूनं बरा केला, अशी आख्यायिका सांगतात. ग्वाल्हेर हे नावही त्याच साधूवरून आल्याचं मानतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी कुंडांचं महत्त्व उरतंच. शंभरेक मीटर उंचीच्या या खडकावर वस्ती टिकली ती साठवलेल्या पाण्यामुळे. पश्चिमेच्या कड्याजवळ अस्ताचल आहे. तिथे मुलं सूर्यास्ताच्या वेळी शांत बसतात, आणि हा रोजच्या दिनक्रमाचा भाग आहे.

गाडीरस्ता उरवाई दरवाजातून चढतो. दोन्ही अंगांच्या कड्यांत पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या काळात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. सर्वांत उंच मूर्ती सुमारे १७ मीटरची. सुट्टी संपवून परतणारा मुलगा बॅगा घेऊन या मूर्तींसमोरूनच वर येतो.

माझा जीव मात्र पूर्वेच्या चढावरल्या लहानशा चतुर्भुज मंदिरात अडकलाय. एकाच खडकातून कोरलेलं हे देऊळ. त्यातल्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचं माप आहे, २७० हात लांब आणि १८७ हात रुंद. शिवाय देवाला रोज ५० माळा वाहायच्या, अशी तरतूद. या २७० आणि ५० मधली शून्यं छोट्या वर्तुळांसारखी कोरलेली आहेत आणि आजही स्वच्छ वाचता येतात. लिहिलेल्या शून्याच्या सर्वांत जुन्या, तारीख पक्की असलेल्या भारतीय नमुन्यांत यांची गणना होते. किल्ल्यावरच्या आणि खाली लश्कर भागातल्या प्रत्येक शाळेनं पाचवीच्या मुलांना गणिताच्या तासाला इथे आणावं, असं मला मनापासून वाटतं. किल्ल्यावरच्या मुलांना तर वर्गातून उठून पायी येता येईल एवढ्याच अंतरावर आहे हे.