नव्या किडनीची खबर देणारा गॅमा कॅमेरा

आई मुलाला किडनी देते. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडते, नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. पण कधी कधी दोन-तीन दिवसांतच लघवी कमी होऊ लागते, रक्तातले क्रिएटिनिन उतरत नाही आणि साऱ्यांच्या मनात एकच शंका येते : शरीराने किडनी नाकारली तर नाही?

नाकारणे हे मात्र एकच कारण नव्हे. रक्तवाहिनीत गुठळी अडकते. मूत्रनलिकेत अडथळा येतो किंवा जोडातून लघवी गळते. दात्याच्या शरीरातून काढून रुग्णाला बसवेपर्यंत किडनीचा रक्तपुरवठा बंद असतो. त्या काळात तिच्या सूक्ष्म नलिकांना धक्का बसलेला असू शकतो. वरून लक्षण एकच, उपाय मात्र निरनिराळे. गुठळी असेल तर तातडीने शस्त्रक्रिया हवी. नलिकांना धक्का बसला असेल तर डायलिसिसचा आधार देऊन धीराने वाट पाहायची. म्हणून कारण लवकर कळणे महत्त्वाचे.

तपासणी कशी होते?

प्रथम सहसा डॉप्लर सोनोग्राफी करतात. त्यातून उलगडा झाला नाही, तर रेनल स्कॅन उपयोगी पडतो. टेक्नेशियम-९९ एम हे किरणोत्सारी द्रव्य जोडलेले औषध (एमएजी-३ किंवा ईसी) हाताच्या शिरेतून देतात. एक्स-रेमध्ये किरण बाहेरून शरीरात जातात. इथे ते आतून बाहेर येतात आणि गॅमा कॅमेरा ते टिपतो. मूळच्या किडन्या पाठीकडे असतात, म्हणून त्यांचे स्कॅन पाठीमागून घेतात. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवलेली असते. त्यामुळे कॅमेरा पुढून लावतात. रुग्णाने साधारण अर्धा तास न हलता पडून राहायचे, एवढेच.

चित्रे काय सांगतात?

पहिल्या मिनिटात किडनीला रक्त किती पोचते ते दिसते. किडनीच्या जागी नुसती पोकळी दिसली, तर रक्तपुरवठा बंद पडल्याची ती धोक्याची घंटा. रक्त बऱ्यापैकी पोचते, पण औषध किडनीतच साचून राहते आणि मूत्राशयात उतरत नाही, असे असेल तर नलिकांना धक्का बसल्याचा संशय येतो. औषध किडनीच्या मुखाशी तुंबले, तर लघवी वाढवणारे इंजेक्शन देऊन अडथळा खरा आहे का ते पाहतात. औषध किडनी-मूत्राशयाबाहेर पसरले, तर गळती समजावी.

मर्यादाही आहेत. किडनी नाकारली जात आहे की प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचाच तिला त्रास होत आहे, हे स्कॅनवरून खात्रीने सांगता येत नाही. तिथे निर्णय बायोप्सीच देते.

किरणांची भीती नको

टेक्नेशियमचा किरणोत्सार दर सहा तासांनी निम्मा होतो. मात्रा थोडी असते आणि बरेचसे औषध लघवीवाटे निघून जाते. मात्र गर्भवती किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने तसे आधीच सांगावे.

ही विद्या आपल्या देशाला नवी नाही. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्येच सुरू झाले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ मध्ये यशस्वी मूत्रपिंडरोपण झाले.

घरच्यांसाठी

● लघवीचे माप, वजन आणि ताप रोज वहीत लिहा.

● लघवी कमी झाली, पायांवर सूज आली किंवा नव्या किडनीच्या जागी दुखू लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

● बरे वाटते म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

● पहिल्या स्कॅनची चित्रे जपून ठेवा. एका चित्रावरून जे उमगत नाही, ते दोन चित्रे शेजारी ठेवली की डॉक्टरांना पुष्कळदा दिसते.