नोकरीचे नाव नव्हे, काम सांगा

बी.कॉम. झालेल्या मुलाला पतसंस्थेत नोकरी मिळते. वडील म्हणतात, "रुजू हो, पुढचे पुढे पाहू." आईच्या मनात येते, हा पगार हलाल आहे ना? मुलगा मोबाईलवर शोधतो, तर एक मौलाना हराम सांगतात, दुसरे जायज. सारे घर गोंधळते.

या गोंधळाचे एक कारण आपल्या प्रश्नातच असते. "बँकेतली नोकरी" किंवा "हॉटेलातली नोकरी" एवढ्या नावावर हुकूम ठरत नाही. दिवसभर आपल्या हातून काय काम होते, यावर तो ठरतो.

मालक मुस्लिम आहे की नाही, हा इथे मुद्दा नाही. हजरत यूसुफ (अलै.) यांनी मिसरच्या राजाकडे कोठारांची जबाबदारी स्वतः मागून घेतली (सूरह यूसुफ, ५५). राजा त्यांच्या धर्माचा नव्हता. गैरमुस्लिमाकडे नोकरी करणे जायज आहे, याला उलेमा हाच दाखला देतात. अट एवढीच की कामात गुनाह नसावा. सूरह माइदाच्या दुसऱ्या आयतीत नेकीच्या कामात साथ देण्याचा आणि गुनाहच्या कामात साथ न देण्याचा आदेश आहे.

आता पतसंस्थेकडे पाहू. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांची हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी व्याज घेणारा, देणारा, ते लिहिणारा आणि त्याचे साक्षीदार या सर्वांवर लानत केली आणि सर्वांना सारखेच ठरवले. त्यामुळे व्याजी कर्ज मंजूर करणे, त्याचे करारपत्र बनवणे, व्याजाची नोंद करणे ही कामे थेट या हदीसखाली येतात. त्याच इमारतीतला पहारेकरी, वायरमन किंवा सफाई कामगार व्याज लिहीत नाही. त्यांच्याबाबत अनेक उलेमांनी सवलत दिली आहे. पगार व्याजाच्या कमाईतून येतो म्हणून काहींनी त्यापासूनही दूर राहायला सांगितले आहे.

दारूबाबतही असेच आहे. तिर्मिजीतील हदीसमध्ये पिणाऱ्याबरोबर पाजणारा, विकणारा आणि वाहून नेणाराही आला आहे. म्हणून ग्राहकाच्या टेबलावर दारू ठेवणाऱ्या वेटरचा प्रश्न गंभीर आहे. गैरमुस्लिमाची दारू वाहून नेण्याची मजुरी मात्र इमाम अबू हनीफा (रह.) यांनी जायज मानली, तर त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) यांनी ती मकरूह ठरवली. इतक्या मोठ्या इमामांनी एकेका कामाचा असा बारकाईने विचार केला. मग आपण अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओवर निर्णय कसा घ्यावा?

मजबुरीचे काय? सूरह बकराच्या १७३ व्या आयतीत लाचार माणसाला सूट आहे, पण मनात हौस नसावी आणि गरजेपलीकडे जाऊ नये, या अटीवर. मुलांचे जेवण, घरभाडे, आईचे औषध ही गरज आहे. नव्या गाडीचा हप्ता ही गरज नव्हे. दुसरी सोय नसेल तर नोकरी एकदम सोडून कुटुंब उघड्यावर आणू नये, मनापासून दुसरे काम शोधत राहावे आणि मिळताच बदलावे, असा सल्ला अनेक मुफ्ती देतात.

म्हणून मुफ्तींकडे जाताना आपल्या कामांची यादी लिहून न्या. कोणते कागद तयार करता, कशावर सही करता, घरात आणखी कोण कमावते, तेही सांगा. कोकणातल्या शाफई घरांनी आणि इतरत्रच्या हनफी घरांनी आपापल्या मसलकच्या आलिमांना विचारावे. त्याच ठिकाणी दुसऱ्या विभागात बदली मिळते का, हेही साहेबांना नम्रपणे विचारून पाहावे.

आणि घरच्यांनो, हा भार एकट्या कमावत्यावर टाकू नका. "पगार थोडा कमी असला तरी भागवू," हे शब्द आईच्या किंवा बायकोच्या तोंडून आले, की त्याचे अर्धे ओझे उतरते. लग्नाचा थाट कमी करणे आपल्या हातात आहे. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.